लाल चिंधीचा पंप

२० जून
अंगणात फक्कीने बागेची आखणी केली. दारापासून फाटकापर्यंत वळणाची पायवाट, दोन्ही अंगांना फुलझाडं, उन्हाच्या बाजूला वांगी-टमाटे, कोपऱ्यात जास्वंद. चहा घेऊन बाहेर येते तर हे दोरी लावून माझी वळणं पुसताहेत! "वाकड्या तासात डवरा कसा चालन?" म्हटलं, डवरा ओढायला अंगणात बैल कुठून आणणार? हसले. पाडव्याला वावर ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं, तेव्हापासून हसलेले पाहिले नव्हते. पायवाट गेली खड्ड्यात. होऊ दे सरळ.

२४ जून
लागवड झाली. सगळं दोरीत, कपाशीची पऱ्हाटी लावल्यासारखं. शेजारच्या वहिनी फाटकातून, "ताई, हा बगिचा हाय का वावर?" मला राग आला, यांना अभिमान वाटला. आता पहाटेच उठून बाहेर. गेले कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. देव पावला म्हणायचा.

१५ जुलै
जास्वंदीवर मावा. यांनी शेडमधून पंप काढला, निंबोळी अर्क कालवला, डोक्याला दुपट्टा बांधून साऱ्या बागेवर फवारा मारला. उरलं ते तुळशीवर. मी भाकरी थापता थापता खिडकीतून पाहत होते. काय ती ऐट! जेवताना एक भाकर जास्त मागितली.

२३ जुलै
हे काय होऊन बसलं? चारपाच दिवस शेंडे मलूल दिसत होते, वाटलं पाणी जास्त झालं. आज टमाटे पार पिळल्यासारखे. जास्वंदीची नवी पानं आखडून चिरलेली, भेंडीच्या पानांसारखी. गुलाबाचे कोंब वाकडे. तुळससुद्धा. निंबोळीने असं होत नाही. आणि रोग काय सगळ्या झाडांना एकसारखा लागतो?
शेडमध्ये गेले. आमच्याकडे दोन पंप. एक किडीच्या औषधाचा. दुसरा फक्त तणनाशकाचा, त्याच्या दांड्याला लाल चिंधी. धुतला तरी औषधाचा अंश राहतो, पऱ्हाटीची वाट लागते, म्हणून चिंधी यांनीच बांधलेली. पंपांची अदलाबदल केली म्हणून एका गड्याला भर हंगामात वावरातून हाकललं होतं यांनी.
चिंधीवाल्या पंपाच्या तळाशी निंबोळीचं पाणी होतं.

२४ जुलै
बेताने विचारलं. "अहो, लाल चिंधीचा पंप कायले घेतला?"
"कोणती चिंधी?"
वाटलं, चेष्टा. पंप आणून पुढे ठेवला. चिंधी चिमटीत धरून उलटीपालटी करून पाहिली. "हे कोनं बांधलं वं?"
बाग गेली तर गेली, पुन्हा लावता येते. पण हे...
अमोलला पुण्याला फोन. म्हणाला, "आई, वयानं होतं असं. तू लगेच घाबरतेस." पोटचा पोरगा, पण फोन आपटला. वयाने माणूस चष्मा विसरतो. मीही विसरते.

२६ जुलै
यवतमाळच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पुढल्या सोमवारची. यांना काय सांगून नेऊ? दोनदा तोंड उघडलं, दोनदा भाजीचंच बोलले. भीती वाटते. दुसरं काही नाही, भीतीच.

२७ जुलै
सकाळी बागेतून आवाज चढलेला. टमाट्याचा शेंडा हातात धरून उभे. "हे तणनाशकानं झालं! फवारा कोनं मारला?"
नुसतं पाहून ओळखलं. मारणारा तेवढा आठवत नाही. सांगून टाकावं असं ओठापर्यंत आलं, पण तो चेहरा पाहिला आणि तोंडातून निघालं, "मी."
"मास्तरीन, जिंदगीभर पोरं शिकवली, तुले एवढी अक्कल नाही?"
मग ओसरीवर बसवून मला शिकवलं. पंप कसा धुवायचा, सोड्याचं पाणी किती वेळ ठेवायचं, नोझल वेगळं काढून कसं घासायचं, चिंधी कायले बांधायची. एक शब्द चुकला नाही. मी मान खाली घालून हो हो म्हणत होते. डोळ्यांना धार लागली तेव्हा थांबले.
"रडून कायले राह्यली? लावू पुन्हा. पण आता पंपाले हात लावू नको. मीच मारत जाईन."
बरं म्हटलं.