प्रश्न क्रमांक पाच

३ जुलै, सकाळी ६.४०
पाचला उठायचं ठरलं होतं. उठलो नाही, पण पडल्या पडल्या विचार चालू होता, तेव्हा तेही काम धरायला हरकत नाही. कालच्या मुख्याध्यापक शिबिरात एक गोष्ट लख्ख कळली: मार्क म्हणजे यश नव्हे. एकवीस वर्षांच्या नोकरीत हे मला केव्हाच कळलेलं होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. शाळेत आता आमूलाग्र बदल. यशाची नवी व्याख्या करायची आणि प्रत्येक मुलाला आधार द्यायचा. ३१ तारखेला संस्थेचे अध्यक्ष येताहेत, त्यांच्यापुढे अहवाल ठेवीन. संस्थेत शैक्षणिक सल्लागाराची जागा रिकामी आहे. त्याचा इथे काही संबंध नाही. नुसती नोंद.

३ जुलै, संध्याकाळी
कन्येचा चाचणीचा पेपर हाती आला. (नववी ब. आमचीच शाळा.) गणितात ३१. शंभरपैकी! मुख्याध्यापकाची मुलगी! आणि बाईसाहेब पेपर दाखवून शांतपणे जुना रेडिओ खोलत बसल्या. तिचा पाने-पेचकसांचा डबा जप्त केला, माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली अशा जागी ठेवली आहे की माझ्याशिवाय कोणाच्या बापाला सापडणार नाही.

हिने विचारलं की सकाळी तर मार्क म्हणजे यश नव्हे असं चाललं होतं ना? शाळेचं धोरण वेगळं आणि घरचा प्रश्न वेगळा, हे तिला समजावलं. ही औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवरचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे.

५ जुलै
गुणवंतांचा फलक उतरवला. चाळीस वर्षांचे पहिले आलेले, एकाखाली एक, पांढऱ्या रंगात. मीही याच शाळेचा विद्यार्थी. माझं नाव त्यावर नव्हतं. त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

भिंतीवर फिकट चौकोन राहिला. तिथे नवा फलक लावला: ‘आमच्या शाळेत यश म्हणजे’. पुढचं सोमवारपर्यंत ठरेल. जुना फलक शिपाई मावशी घेऊन गेल्या. जिन्याखाली त्यांची खोली आहे. घंटा, चाव्या, मलमपट्टी, सुईदोरा सगळं तिथेच. फलकाखाली विटा लावून मुलांना बसायला बाक केलंय म्हणे. गुणवंतांवर बसतात कार्टी.

९ जुलै
व्याख्या अजून नाही. तीन उपसमित्या नेमल्या.

गणिताचे सर आले. कच्च्या मुलांसाठी जादा तास घेऊ का, म्हणाले. ‘कच्ची’ हा शब्द आजपासून बंद, ‘उमलती’ म्हणा, असं बजावलं. बरं, मग उमलत्या मुलांसाठी जादा तास घेऊ का, म्हणाले. माणूस चांगला आहे, पण दृष्टी नाही. जादा तासाची वेळ फॉर्म भरायला लागणार आहे.

१४ जुलै
फॉर्म तयार! सहा पानं, अडतीस प्रश्न. नाव लिहायचं नाही, म्हणजे मुलं मोकळेपणी लिहितील. कळीचा प्रश्न पाचवा: ‘शाळेत तुला खरा आधार कोणाचा वाटतो? एकच व्यक्ती लिही.’ अध्यक्षांपुढे ठेवायला हा आकडा पुरेसा बोलका ठरेल. चारशेबारा मुलं. मला अडीचशे तरी पडतील. बाकी स्टाफनं वाटून घ्यावेत.

मुलांना समजावं म्हणून एक नमुना स्वतः भरला आणि सूचनाफलकावर लावला. पाचव्या प्रश्नापुढे ‘मुख्याध्यापक सर’ असं लिहिलं. केवळ उदाहरण म्हणून. संकोच वाटला, पण कामात संकोच ठेवून चालत नाही.

१८ जुलै
कर्कश घंटेने मुलांवर ताण येतो म्हणून मी संगीताची घंटा बसवली होती. आज ती बंद पडली. तिसरा तास दीड तास चालला. इतिहासाच्या बाई वर्गातच मटकन बसल्या. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. पण मधल्या सुट्टीनंतर घंटा आपोआप सुरू! यंत्रालाही विश्रांती लागते, हे अहवालात घालावं.

तेवढ्यात कन्या जिन्याखालून बाहेर येताना दिसली. हात काळेकुट्ट, तास चालू असताना! तिथल्या तिथे दहा गणितं शिक्षा दिली. मावशी मध्ये काहीतरी सांगायला आल्या. लेखी द्या म्हटलं.

२२ जुलै
फॉर्म भरून झाले. दोन दिवस शिकवणं बंद होतं, पण मुलं खूश दिसली. गोळा करायचं काम मावशींना दिलं. शाळेत जिथे कुठे भरलेला फॉर्म दिसेल तो पेटीत गेला पाहिजे, एकही मागे राहता कामा नये, असं दोनदा बजावलं. मावशी शब्दाच्या पक्क्या.

व्याख्या अजून नाही. फलक कोराच आहे. कोणीतरी त्यावर खडूने ‘डबा लवकर खाणे’ असं लिहून ठेवलं होतं. पुसलं.

२५ जुलै
हेडक्लार्कने मोजणी आणून दिली. प्रश्न पाच:

शिपाई मावशी, १८७. ‘कोणीच नाही’, ९६. गणिताचे सर, ७४. इतर शिक्षक मिळून ४४. शाळेचा कुत्रा, ११. मुख्याध्यापक, १.

पुन्हा मोजायला लावलं. कुत्र्याचा एक वाढला, ‘कोणीच नाही’चा एक घटला.

एकूण चारशेतेरा फॉर्म, मुलं चारशेबारा. हेडक्लार्कला एवढंही मोजता येत नाही!

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. दार लावून बसलो. मग विचार केला, मावशींना जिन्याखालची खोली कोणी दिली? मी. म्हणजे १८७ मुळात कोणाचे? अहवालात ‘प्रशासकीय आधार: १८८’ असं दाखवीन.

२६ जुलै
पण तो एक! तो फॉर्म शोधून काढला. किती मनापासून भरलाय. अक्षर वळणदार, शाई निळी-काळी, थेट माझ्या पेनासारखी. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: ‘यश म्हणजे सर्वांगीण विकासाच्या दिशेने अखंड वाटचाल.’ वाचून अंगावर काटा आला. अगदी माझे विचार! चारही कोपऱ्यांना बारीक भोकं आहेत. बिचाऱ्याने समोर टांगून ठेवला असावा.

२७ जुलै, पहाटे ५.०५ (उठलो!)
उलगडा झाला. माझ्या घरातलं पेन, माझे विचार. कन्याच! दुसरं कोण? पेचकस काढून घेतले, शिक्षा दिली, तरी पोरीने बापाचंच नाव लिहिलं. डोळे भरून आले. तोंडावर बोलत नाही, पण आत सगळं आहे. अध्यक्षांची भेट आटपली की तिला जवळ बसवून सांगणार. तिचा फॉर्म खिशातच ठेवलाय.

३१ जुलै, दुपारी
अध्यक्ष आले. चाळीस स्लाइड होत्या. तिसरीलाच त्यांनी थांबवलं आणि ‘प्रशासकीय आधार’ म्हणजे नेमकं कोण, असं विचारलं. हेडक्लार्कने मध्येच मावशींचं नाव घेतलं. नको तिथे प्रामाणिकपणा.

अध्यक्ष थेट जिन्याखाली. अर्धा तास बाहेरच आले नाहीत. बसले होते त्या बाकावर त्यांचंच नाव निघालं, गणितात पहिले, म्हणून आणखी दहा मिनिटं. मावशींनी त्यांना सांगितलं की कंपनीचा माणूस यायच्या आधी घंटा नववीतल्या एका मुलीने दुरुस्त केली. त्यांनी मला विचारलं की ही हुशार मुलगी कोण. चौकशी करून कळवतो, म्हणालो. मावशी हळूच म्हणाल्या, सर, तुमचीच की.

सल्लागाराची जागा संस्थेने रद्द केली आहे. मावशींना नीट उजेडाची खोली द्यायची असं ठरलं. माझं ऑफिस मोठं आहे, मध्ये पार्टिशन टाकणार.

३१ जुलै, संध्याकाळी
घरी आल्यावर कन्येला जवळ बसवलं. फॉर्म पुढे ठेवला. म्हटलं, बाळा, मला सगळं कळलंय, थँक यू. तिने फॉर्म उलटापालटा केला, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बाबा, हा तर तुमचा नमुना आहे. सूचनाफलकावरचा. मावशींनी काढून पेटीत टाकला, तुम्हीच सांगितलं होतंत ना, एकही मागे राहता कामा नये.

म्हणजे चारशेतेरावा.

ही बाजूला भाजी निवडत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

विचारू नये ते विचारलं: मग तू कोणाचं नाव लिहिलंस? मावशींचं, म्हणाली. का? तर त्या रोज विचारतात, आज काय दुरुस्त केलंस. मी काय विचारतो? ती म्हणाली, किती मिळाले.

मला खरंच दुसरं काही आठवेना.

३१ जुलै, ७.५०
ठरवलं. डबा आत्ताच्या आत्ता परत द्यायचा. कपाटाची किल्ली जिथे ठेवली होती ती जागा आठवत नाही. चपलांचे खण, पुस्तकांमागे, पिठाचा डबा, सगळं पाहून झालं. ही आणि कन्या दोघी मदतीला.

कन्येने वाकून कुलूप पाहिलं. कडीचे दोन स्क्रू काढले की दार उघडेल म्हणाली, दोन मिनिटांचं काम. फक्त पेचकस हवा. पेचकस सगळे आत आहेत.

उद्या मावशींकडे मागावा लागेल. सकाळी त्यांच्या जिन्याखाली रांग असते म्हणतात. लवकर जाऊन उभा राहीन.