दुभाष्याने सुधारलेलं दुःख

३ मार्च, गुरुवार
समुपदेशन केंद्रात दुभाष्याचं काम मिळालं. आजवर पाण्याच्या पंपांची मॅन्युअल्स भाषांतरित केली. माणूस त्या मानाने सोपा. थेरपिस्ट मॅडम तरुण, परक्या, आपल्या भाषेचा गंध नाही. क्लायंट एक रिटायर्ड फिटर आजोबा. चार महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून तोंड मिटून बसलेत, म्हणून सुनेने नाव घातलं. संकल्प : एकही शब्द सांडू द्यायचा नाही.

१० मार्च, गुरुवार
मॅडमनी विचारलं, दुःख शरीरात नेमकं कुठे जाणवतं. वडीलधाऱ्या माणसाला असलं विचारतात का? मी विचारलं, जेवण वेळेवर होतं ना. आजोबा म्हणाले, ती गेल्यापासून घर खायला उठतं. हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर मॅडमनी ॲम्ब्युलन्स बोलावली असती. सांगितलं, घराची दुरुस्ती काढायचं मनात आहे. मॅडम खूश. लगेच लिहून घेतलं.

१७ मार्च
आजोबा आज मोकळे झाले. म्हणाले, राग येतो तिचा, मला न विचारता निघून गेली, आणि मी अजून दोन ताटं मांडतो. गेलेल्या माणसाबद्दल हे शोभत नाही. वयाने भान सुटतं. मी सांगितलं, पत्नीबद्दल त्यांना अतिशय आदर आहे. मॅडमनी विचारलं, मग डोळ्यांत पाणी का. म्हटलं, आदराचंच. आमच्याकडे येतं.

२४ मार्च
आजोबांनी सुरुवातीलाच मला विचारलं, मागच्या वेळी मी एवढं बोललो, तुम्ही ते एका वाक्यात कसं सांगितलंत. म्हटलं, तीच तर कला. नंतर तासभर गप्प. मॅडम गोंधळल्या. समजावलं, मनःशांती लाभली की आमची माणसं अशीच बसतात.

२५ मार्च
मॅडम म्हणतात सुधारणा विलक्षण, पुढची भेट शेवटची. अवघ्या तीन भेटींत! श्रेय घ्यायचं नाही असं ठरवलं. फक्त रिसेप्शनवर सांगितलं. आणि लिफ्टमध्ये.

३१ मार्च, दुपारी १
आज सून आत आली. तिला दोन्ही भाषा येतात हे मला कोणी सांगायला नको? मॅडमनी विचारलं, दुरुस्ती कुठवर आली. सून म्हणाली, कसली दुरुस्ती. मग तिने सासऱ्यांना विचारलं आणि ते जे बोलले ते सगळं मॅडमना सांगितलं. ताटांचंसुद्धा. काहीही न सुधारता. मला जरा बाहेर बसायला सांगितलं. काचेतून दिसत होतं. आजोबा हुंदके देत होते. मॅडम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. बोलत कोणीच नव्हतं. दुभाष्याशिवाय मॅडमना काय कळलं असेल, देव जाणे.

७ एप्रिल, सकाळी १०
इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. केंद्राचा फोन आला. आजोबांच्या भेटी चालू राहणार, पण सून येणार, मी यायची गरज नाही. दुसरा क्लायंट? तूर्तास नाही. अनुभवी माणूस जपून वापरायचं धोरण असावं. बायकोने विचारलं, वाईट वाटतंय का. पोटात नुसता गोळा आला होता. सांगितलं, ॲसिडिटी आहे. तिने गोळी दिली. घेतली.