दीक्षितची खुर्ची

४ मार्च १९९६
आजपासून दीक्षितच्या जागेवर. महिना झाला त्याला जाऊन. रात्रभर फॅक्टरीत टेस्ट बेंचपाशी चाचण्या घेत उभा होता, सकाळी याच खुर्चीत गेला. हार्ट. खुर्ची अजून डावीकडे कलते, तो रेलायचा तशी. दुसरी मागितली. स्टोअरवाला कानडीत म्हणाला, "इल्ला सार." नाही म्हणे. बसलो.

७ मार्च
फॅक्टरीच्या डॉक्टरांनी बी.पी. बघून तोंड वाकडं केलं. चाला, वेळेवर जेवा, झोपा. घरी शुभाला जाहीर केलं, उद्यापासून पहाटे उठून चालणार, कितीही कंटाळा येवो. ती म्हणाली, "दीक्षितभावजींसारखं?" दर एक जानेवारीला सिगरेट सोडायचा बिचारा. शंभर सूर्यनमस्कार, जेवणात नुसती फळं. "मनात जोर पाहिजे रे," म्हणायचा. तो जोर संक्रांतीपर्यंत टिकायचा. कामाच्या बाबतीत मात्र कधी संपला नाही.

१२ मार्च
आज नाही उठलो. माझाही दीक्षित होणार, दुसरं काय.

१८ मार्च
शुभाने कमालच केली. स्कूटर आता ती शाळेत शिकवायला जाताना नेणार म्हणे. मी फॅक्टरीची बस धरायची, तीही के. आर. पुरम स्टेशनपासून. चांगलंच लांब. "मग मी तिथवर जाऊ कसा?" "पाय आहेत ना?" जाम भडकलो. गेलो चालत, करतो काय! आणि संध्याकाळची बस चुकली तर पंचाईत, म्हणून टेबलही वेळेत आवरावं लागलं.

२ मे
चालणं आता ठरवावं लागत नाही. पाय आपोआप निघतात. वेळेवर भूक, गाढ झोप. शुभाला मात्र कबूल करणार नाही.
फक्त दुपारी सगळे कँटीनला गेले, मी खुर्चीतच डबा उघडला, की मागून खोकला ऐकू येतो. दीक्षितचाच. वळून बघायची हिंमत होत नाही.

२३ जुलै
टेस्ट लांबली. बसची वेळ झाली, उठलो. साहेब दारातच. "दीक्षित होता तो रुक जाता."
तोंडातून निघून गेलं, "हाँ साब. इसीलिए तो आज उसकी कुर्सी पे मैं हूँ."
मी पिशवी उचलून निघालो. बसमध्ये एकजण शेजारी बसायला आला, त्याला म्हटलं, इथे आहे कुणीतरी. का म्हटलं, देव जाणे.

२४ जुलै
बढतीचं आता कठीणच. पहाटे शुभाला सगळं सांगितलं, खोकल्यासकट. रडली. मग डोळे पुसून, "आज काय करणार?"
टेस्ट आज पुन्हा आहे. साहेब पुन्हा दारात उभे राहणार. काय करेन, खरंच माहीत नाही.
दिवाळीनंतर मी दीक्षितहून वयाने मोठा होईन. जगलो तर. त्याला मागे टाकून पुढे जायचं, या विचारानेच कसंतरी होतं.