शेजारच्या खुर्चीचा राजीनामा

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच). गुडघा आता वाकतो का? मामींनी तुमचं मीठ बंद केल्याचं कळलं. झालं ते बरंच झालं. इकडे सगळे मजेत, चष्म्याचं दुकानही बरं चाललंय.

पत्रास कारण की, स्टेडियममधल्या आपल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या पुढच्या हंगामासाठी शुक्रवारपर्यंत राखायच्या आहेत, आणि मी नाही म्हटलं तर माझी खुर्ची जावईबापूंना द्याल, असं तुम्ही बजावलंत. तर मामा, खुशाल द्या. सव्वीस वर्षं तुमच्या डाव्या हाताला बसलो, पण मोठ्या फुटबॉलला आता माझा कोपरापासून नमस्कार. रागाच्या भरात लिहितोय असं समजू नका, अगदी शांत डोक्याने लिहितोय (आधीचे दोन कागद फाडले, ते रागाचे होते).

आपल्या नऊ नंबरवाल्याने आपल्यासमोर छातीवरच्या क्लबच्या चिन्हाचा मुका घेतला, तुमचे डोळे भरून आले (तुम्ही सर्दी म्हणालात), आणि आठव्या दिवशी तो शत्रूच्या जर्सीत त्यांच्या चिन्हाचा मुका घेत होता. तेही गिळलं. टीव्हीवाल्यांच्या सोयीने शनिवारचा सामना सोमवार दुपारवर ढकलला, मी शनिवारी दुकान बंद करून रिकाम्या स्टेडियमच्या फाटकाशी उभा, आणि पहारेकरी माझ्याकडे दयेने बघतोय. तेही गिळलं. पण झालेला गोल पडद्यावर पुन्हा तपासायची पद्धत आली आणि मी संपलो. जन्मभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला गोल चार मिनिटांनी रद्द! का, तर म्हणे ऑफसाइड, आपल्या पोराची काख पुढे होती! तोवर मी नाचून, तुम्हाला मिठी मारून, पुढच्या रांगेतल्या टकल्या काकांच्या डोक्याचा मुका घेऊन मोकळा झालेलो असतो. तो मुका परत कसा घ्यायचा, याचा नियम अजून कोणी केलेला नाही.

म्हणून हल्ली रविवारी सकाळी लाँड्रीमागच्या मैदानावर जातो. आमचे गोलकीपर म्हणजे माझे दंतवैद्य, पुढे खेळतो तो लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि शिट्टी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे (त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नाही). गेल्या रविवारी शेवटच्या मिनिटाला लिफ्टवाल्याने तीस पावलांवरून असा गोल हाणला की जाळी असती तर फाटली असती. सगळं मैदान नाचलं. मी मात्र हाताची घडी घालून लाँड्रीच्या भिंतीकडे बघत उभा. मामा, मी पडद्यावर निकाल यायची वाट बघत होतो! तिथे वाळत घातलेल्या चादरी होत्या. दंतवैद्य धावत आले, म्हणाले, "अहो, गोल झालाय! दाढ दुखतेय का?" चार मिनिटांनी खात्री पटल्यावर मी एकटाच बेंबीच्या देठापासून ओरडलो, तोवर लोक सायकली काढत होते.

हसा हवं तर, पण मला फार वाईट वाटलं. साधा आनंद व्हायलाही मला मंजुरी लागायला लागली, ही त्या मोठ्या फुटबॉलची करणी. तेव्हा राजीनामा पक्का समजावा.

मामींना नमस्कार. गुडघा जपा, लोभ आहेच.

आपला ठाम भाचा

ता. क. जावईबापूंना सांगा, खुर्चीची पाठ कुरकुरते, बेताने टेकावं.

ता. क. २. जावईबापू सभ्य गृहस्थ आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण मागे एकदा आले तेव्हा उत्तरार्धात त्यांनी "यातले आपले कोणते?" असं विचारलं होतं. गोल झाला तर ते तुमच्याशी हस्तांदोलन करतील. विचार करा.

ता. क. ३. त्या रविवारी ओरडून झाल्यावर मी सवयीने मिठी मारायला उजवीकडे वळलो. तुम्ही नव्हतात. खुर्च्या राखायचा फॉर्म सोबत जोडला आहे, माझी सही झालेली आहे. शुक्रवार चुकवू नका.