गॅलरीतला बूस्टर

६ जाने., मंगळ
आज लॅबमधून लवकर, साडेतीनलाच आले. दार सताड उघडं. तनू हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी, पुस्तक छातीशी धरलेलं. गॅलरीत दादा स्टुलावर चढून केबलच्या बूस्टरमध्ये पेचकस घालतायत. केबलचा धंदा त्यांचा. सं.चे मोठे भाऊ, माझे दीर, म्हणून आमच्या घराची चावी त्यांच्या खिशात. बेल नाही, फोन नाही. प्रीलिमसाठी शाळेला सुट्टी, तनू कानात इअरफोन घालून अभ्यास करत होती, मान वर केली तर समोर माणूस. ओरडली. तर बोलणी तिलाच. "काका ओळखू येत नाही? आणि घरात असले तोकडे कपडे घालून बसतात?"
दहावीची पोर. स्वतःच्या घरात.
मी म्हटलं, दादा, बेल वाजवत जा. म्हणाले, "भावाच्या घरात बेल कसली वाजवायची, रेखा."
सासूबाई आतून त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या. विषय संपला.

७ जाने., बुध
सं.शी बोलले. अकरा वर्षं तो बूस्टर आमच्या गॅलरीत, आमच्या मीटरवर. बदल्यात केबल फुकट. त्या फुकटच्या केबलपायी कपडे वाळत घालायची जागा गेली, आता हे.
म्हणाला, "अख्ख्या बिल्डिंगची केबल त्यावर चालते. दुसरीकडे कुठे लावणार तो?"
जिन्यात लावा.
"चोरीला जाईल."
आणि तनू?
रिमोट उचलला. बातम्या बघत बसला. दादाच्याच केबलवर.

१० जाने., शनि
लॅबमधली वैशाली वर्तकनगरची. तिच्याकडे केबल कधीच गेली. फायबरची वायर घेतली, टीव्हीच्या मागे बोटाएवढी स्टिक लावली. मालिका, बातम्या, सिनेमे, सगळं त्यावर. शिवाय तनूचे क्लासचे व्हिडिओ. सगळं मिळून महिन्याला पार्लरच्या एका फेरीच्या खर्चात बसतं, म्हणाली.
डबा खाता खाता फोनवरून नोंदवून टाकलं. माझं नाव, माझा नंबर. सं.ला विचारलं नाही.

११ जाने., रवि
घरी सांगितलं. सासूबाई विहारातून नुकत्या आलेल्या, पांढऱ्या साडीतच. म्हणाल्या, "माझ्या पोराची केबल माझ्याच घरात नको?"
म्हटलं, आई, तुमची मालिका यावरही दिसेल. हवी तेव्हा लावा.
"हवी तेव्हा कशाला? सातला लागते ती, सातलाच बघायची."
सं. खाली जाऊन येतो म्हणून गेला तो दीड तास.

१३ जाने., मंगळ
फायबरवाले येऊन गेले. मी रजा टाकलेली. तनूने दहा मिनिटांत सगळं लावलं, आजीची मालिका काढून दिली, बोलून मालिका शोधायचं बटण शिकवलं. आई टीव्हीकडे पाठ करून तूर निवडत बसल्या. निवडलेली तूर परत निवडली.
केबलचा बॉक्स पिशवीत घालून सं.च्या हातात दिला. देऊन ये म्हटलं. गेला. येताना तोंड असं, जसं काही मयताला जाऊन आलाय.

१५ जाने., गुरु
सकाळपासून नेट बंद. संध्याकाळी कंपनीचा माणूस गच्चीवर जाऊन वायरचं टोक घेऊन खाली आला. "मॅडम, ही तुटलेली नाही. कापलीय. पक्कडने."
तशीच दादांच्या ऑफिसात गेले. दोन गल्ल्या पलीकडे. म्हणाले, "कोणी कापली मला काय माहीत. गच्चीवर दहा जण जातात." माझ्याकडे न बघता.
मग बोलले. "दोन दिवसांत चार घरं बॉक्स टाकून गेली. म्हणतात, सख्ख्या भावाने काढली तर आम्ही कशाला ठेवू. तुला काय, तू एक बटण दाबलंस."
टेबलावर बॉक्सेसची चळत. प्रत्येकाला त्याचा रिमोट रबराने बांधलेला. क्षणभर वाटलं, बसावं. नीट बोलावं. मग भिंतीला टेकलेली तनू आठवली.
म्हटलं, रविवारपर्यंत बूस्टर काढून न्या. आणि चावी द्या.
चावी दिली नाही. "ती मला आईने दिलीय. आईला देईन."

१८ जाने., रवि
बारापर्यंत वाट बघितली. आले नाहीत. स्टेशनजवळच्या चावीवाल्याला बोलावून कुलूप बदललं. चार चाव्या. आम्ही दोघं, तनू, आई. सं. हळूच म्हणाला, "एक जास्तीची करून ठेवू या का." नाही.
मग गॅलरीत जाऊन बूस्टरचं बटण बंद केलं. अख्ख्या बिल्डिंगची केबल गेली. वीस मिनिटांत दादा दारात, सोबत लाइनमन. चावी घालून बघितली, लागेना, तेव्हा दार बडवलं.
मला एक शब्द नाही. सं.ला म्हणाले, "तू काय दिवाळीला ओवाळून घ्यायलाच भाऊ आहेस का रे?" आणि ओवाळायला त्यांना बहीणही नाही हे दोघांनाही आठवलं असणार, कारण सं.ने मान खाली घातली आणि दादा लाइनमनकडे वळले.
बूस्टर उतरवला. भिंतीला चार भोकं. आईंनी चहा पुढे केला, दादांनी घेतला नाही. जुनी चावी आईंच्या पायाशी ठेवून गेले.
खाली दोघीतिघींनी विचारलं, काय झालं हो. म्हटलं, काही नाही.

२२ जाने., गुरु
दुपारी आई गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. तीन ते चार. का ते काल लक्षात आलं.
दादा रोज त्याच वेळी यायचे. बूस्टर बघायला. रोज बिघडणारा बूस्टर जगात कुठला असतो? दहा मिनिटं आईजवळ बसायचं होतं त्यांना. घरून तसं सांगून निघता येत नसेल, थोरल्या जाऊबाईंचा स्वभाव माहितीय. अकरा वर्षं मला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि रागाच्या भरात हिशेबात धरलं नाही.
तरी. बेल वाजवून बसता आलं असतं.

२५ जाने., रवि
आईंनी पिशवी भरली. दोन साड्या, औषधं, चष्मा. "थोडे दिवस तिकडे राहते."
किती दिवस, विचारलं.
"बघू."
सं. सोडून आला. त्याची चावी टीव्हीशेजारी ठेवून बाहेर गेला, मग परत येऊन घेतली.

३ फेब्रु., मंगळ
सं. रोज ऑफिसातून आधी तिकडे जातो, जेवूनच येतो. विचारलं तर, "भेंडी होती." एवढंच. गच्चीवरची वायर शाबूत आहे. दार वाजत नाही. तनूची प्रीलिम संपली, घर शांत मिळालं म्हणते. मला हेच हवं होतं.
आज पाचला तनूच्या फोनवर आईंचा फोन. काल तिकडे लाइट गेलेली, मालिकेत काय झालं विचारत होत्या. तनूने स्टिकवर कालचा भाग लावला आणि बघत बघत सगळा सांगितला. कोण रडलं, कोण कोणाला काय बोललं. चांगली वीस मिनिटं. आई हसल्यासुद्धा, मला इथवर ऐकू आलं.
शेवटी तनूने विचारलं, "आईला देऊ का?"
तिकडून, "नको. कामात असेल ती."
मी समोरच बसलेले. हातात काही नव्हतं.