चार इंची, मोहरीच्या रंगाची

४ जून

नमुने आले. फेरीबोटीतून, बटाट्याच्या पोत्याखाली दबून. विनाइल साइडिंगचे, म्हणजे घराच्या भिंतींना बाहेरून ठोकायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, वीतभर तुकडे, एका कडीत ओवलेले. लिअँडरनं मुरंब्याची बरणी बाजूला सारून टेबलावर मांडले. अरुंद पट्टी, रुंद पट्टी, उभी पट्टी, एक लाकडाच्या खपल्यांसारखी दिसणारी. शिवाय प्रत्येकीत दहा रंग. "निवड," म्हणाला. बस, इतकंच. नवरा कसला, मुलखाचा घुम्या!

सप्टेंबरात अख्ख्या बंदराचं मतदान आहे — इथंच राहायचं की गाव सोडून उठायचं. चारांत तिघं 'उठू' म्हणाले तर सरकार घरटी पैसे देणार, मग फेरी बंद, वीज बंद. आणि हा घराला नवं अंगडं चढवायला निघालाय. म्हणजे याचं ठरलं. राहायचं.

माझंही ठरलंय, फेब्रुवारीपासून. स्वयंपाकघरातल्या याच बाकावर तो छाती धरून पडला होता. बाहेर धुकं, हेलिकॉप्टर उतरेना. दोन दिवस त्याचा हात धरून बसले होते. मला आता दवाखाना असलेल्या गावात राहायचंय. पण सांगू कशी? घर त्याच्या बापानं बांधलेलं. आणि मत कोणाला, हे आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत.

६ जून

राखाडी नको म्हटलं. आधीच काय कमी धुकं आहे इथं.

११ जून

उभी पट्टी नको, मासळीचं गोदाम वाटतं. रुंद नको, घर बुटकं दिसतं. खपल्यांची तर मुळीच नको, त्यात कोळिष्टकं धरतील. मलाच माझी लाज वाटते. निवडलं की लागलं, आणि लागलं की माझं बोलणंच खुंटलं — म्हणून हे नखरे.

"लग्नाचा झगा निवडायला तुला एवढा वेळ नव्हता लागला, सेलिना," म्हणाला.

"झगा एक दिवसाचा होता," मी म्हटलं.

१९ जून

कॅपलिन मासे किनाऱ्याला लागलेत. माझी नणंद आयव्ही बादलीभर घेऊन आली. नमुने बघितले आणि खुर्चीत बसलीच. "वहिनी, जिवाचा घोर गेला बघ. साइडिंग लावणारं माणूस कुठं जातंय!" तिचा नवरा आणि पोर दोघंही वरच्या दफनभूमीत आहेत. ती हलायची नाही, आणि तिला दोष तरी कोणत्या तोंडानं द्यायचा? चहात डब्यातलं दूध ओतत राहिले, कप भरून वाहिला.

२७ जून

लिअँडर दुकानदाराशी फोनवर होता. "हात न लावता किती वर्षं टिकेल?" पुन्हा विचारलं. "नाही, अजिबात हात न लावता." उत्तर ऐकून खूश दिसला. मरेपर्यंत इथून न हलण्याची सोय करतोय. मी मागच्या दारी जाऊन रडून घेतलं.

२ जुलै

निवडली एकदाची. चार इंची अरुंद पट्टी, मोहरीच्या रंगाची. घराच्या आताच्या रंगाला जवळची. "पिवळी घे, समुद्रातून दिसते," तोच म्हणाला. आणखी किती दिवस नाकं मुरडणार?

२४ जुलै

कडक ऊन पडलं आणि परवाच लावलेली दक्षिणेची भिंत फुगली! पट्ट्यांना नुसत्या लाटा. हा आयुष्यभर होड्या बांधत आला, प्रत्येक खिळा पार आत ठोकून. विनाइलला ते चालत नाही, उन्हात वाढतं, खिळा जरा बाहेरच ठेवावा लागतो. शेजारचा हेडली कुंपणावर रेलून गंमत बघत होता. "लेका, होडी नव्हे ती. बुडायची नाही. जरा ढिली सोड!"

लिअँडर हसला नाही. सगळे खिळे उपटून पहिल्यापासून लागला. मी दिवसभर शिडी धरून उभी.

१५ ऑगस्ट

शिडीवर मध्येच थांबला. हात छातीवर. "घाम पुसतोय," म्हणे. खोटारडा.

९ सप्टेंबर

मतदान झालं. तीन भिंती पूर्ण, मागची तेवढी उरलीय.

जुन्या शाळेत पेटी ठेवली होती. मी 'उठू' म्हणायलाच गेले होते, उन्हाळाभर मनाशी घोकलं होतं. पण कागद हातात घेतला आणि खिडकीतून घर दिसलं. पिवळं धमक. एकेक पट्टी त्या माणसानं दोनदा लावलेली, दुखऱ्या छातीनं. त्याच्यापासून ते काढून घ्यायला माझा हात धजेना. 'राहू'वर खूण केली आणि बाहेर आले.

१२ सप्टेंबर

'उठू' एका मतानं पडलं. राहायचं.

आयव्ही रडत गळ्यात पडली. लिअँडर नुसता "बरं" म्हणाला आणि होड्यांच्या शेडमध्ये गेला. जेवायला हाका मारल्या तरी आला नाही. मला वाटलं, आनंद दाखवायची लाज वाटत असेल.

२० सप्टेंबर

आठवडा झाला, हातोडीला हात नाही. उरलेल्या पट्ट्या गवतात पडून. आज विचारलं, "मागची भिंत कधी?"

"आता कशाला?" म्हणाला. "रंगाचा डबा आहे की."

"म्हणजे? राहायचं ठरलंय ना!"

"राहायचंच असतं तर मी रंगच दिला असता, सेलिना. दर उन्हाळ्यात देतोच. आपण गेल्यावर रंग द्यायला इथं कोण असणार होतं? म्हणून तर हे लावत होतो."

मग चहा प्यायलो. माझं मत कुठलं होतं, त्यानं विचारलं नाही.