हाव : वाक्यात उपयोग करा

२७ जानेवारी, सोमवार

वजन पुन्हा वाढलं! मशीनला लावण्याआधी वजन करतात. दोन डायलिसिसच्या मध्ये जे वाढतं ते अंगात साठलेलं पाणी. ह्यांच्या किडन्या गेल्यापासून दिवसाला एक छोटी बाटली पाणी, त्यातच चहा आणि आमटीसुद्धा. टेक्निशियन पोरगी ओरडलीच, "काका, काय प्यायलात?" हे एकदम साळसूद — "काय नाय गो."

घरी आलो तर जिन्यात खालची वनमाला. "तीर्थ आवडलं ना गं? धाकूभाऊ तुझ्यासाठी सारखा पेला भरून नेत होते. म्हणाले, मालनचे गुडघे दुखतायत, तिला खाली येता येत नाय."

काल सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. माझ्या तोंडात तीर्थाचा थेंब नाही! म्हणजे माझ्या नावाने मागायचं आणि जिन्यात उभं राहून ढोसायचं. देवाच्या तीर्थाला कोण नाही म्हणणार?

माझं डोकंच फिरलं. वनमालेसमोरच बोलले — "हावरट! लाज नाही वाटत?"

हे कठडा धरून हळूहळू वर गेले.

२८ जानेवारी

बोलत नाहीत. मीही नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

तो शब्द काही डोक्यातून जात नाही. उभी हयात महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली. 'हाव सुटणे — अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' पोरं दरवर्षी तेच लिहायची : राजाला सोन्याची हाव सुटली. एकालाही कधी राजाशिवाय दुसरा कोणी सुचला नाही. भांडुपच्या डोंगरावरच्या झोपड्यांतल्या पोरांना हावरट माणूस दिसणार तरी कुठे म्हणा!

मी फळ्यावर लिहून द्यायचे — गरजेपेक्षा जास्त हवं असणं म्हणजे हाव. भूक लागते, तहान लागते, ती हाव नव्हे. किती सोपं वाटायचं.

आता ह्यांची गरज किती ते बाटली ठरवते. बाटलीच्या आत तहान आणि बाहेर हाव? घशाला काय कळतं त्यातलं?

आणि कोणाला म्हटलं मी! गिरणी बंद पडल्यावर ह्या माणसाने वॉचमनच्या खुर्चीत आयुष्य काढलं. दिवाळीला नवा शर्ट घेऊ म्हटलं की ठरलेलं उत्तर — "आसा मगे एक, दुसरो कित्याक?" माझ्या बांगड्यांसाठी मात्र न सांगता जादा पाळ्या केल्या. असला माणूस हावरट?

३ फेब्रुवारी

नवीन चोरी पकडली. चूळ भरतो सांगून बेसिनशी जातात आणि गिळतात! मी मागे उभी राहिले तर आरशातून बघून हसले. मलाही हसू आलं. एकदाचा अबोला सुटला.

मग विचारलं, फार होतं का हो? म्हणाले, "जीभ टाळ्याक चिकाटता गो." एवढंच.

बर्फाचा एक खडा दिला. लहान मुलासारखा गालात फिरवत बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रांजल आली मालाडहून. बापाला बघून स्वयंपाकघरात येऊन रडली. "आई, बाबा किती खंगलेत गं! फोनवर तू बरंय बरंय सांगतेस!"

बरंच आहे. आहेत ना? समोर बसलेत ना?

तिला म्हटलं, लेकी, रडायचं असेल तर पोहे परतता परतता रड, लागतील खाली. लागलेच. तसेच खाल्ले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मशीनवर असताना प्रेशर एकदम खाली गेलं. मला आत बोलावलं. हे पांढरेफटक, डोळे वर. देवा रे! मी पाय चोळत होते आणि तोंडाने काय बडबडत होते ते मलाही माहीत नाही. आले शुद्धीवर.

नंतर डॉक्टरांनी केबिनमध्ये बसवलं. तरुण आहेत, पण सबुरीने बोलतात. "काकू, हृदय थकलंय त्यांचं. शरीर आता मशीन सोसत नाही. आपण चालू ठेवू शकतो, पण प्रत्येक वेळी हे असं होणार. बंद केलं तर… फार दिवस नाहीत. पण दुखणार नाही ते आम्ही बघू. काकांना पण विचारा."

कोणी विचारायचं? मी?

१३ फेब्रुवारी

विचारावं लागलं नाही. सकाळी आपणहून म्हणाले, "मालन, माका आता मशीन नको."

मी म्हटलं, गप्प बसा, चहा घ्या.

"तुझ्याकडे कधी काय मागलंय? ह्या एकच मागतंय."

मी भांडी आपटली. पातेल्याचा कान तुटला. म्हटलं, तुम्हाला सुटायचंय आणि मी काय करू इथे? भिंतींशी बोलू? हे मग म्हणाले, "खाली वनमाला आसा मगे." ह्यांना अशा वेळी पण थट्टा सुचते! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रांजलने विचारलं, "आई, हे सगळं आता कोणासाठी चाललंय? बाबांसाठी की तुझ्यासाठी?"

कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण खरं होतं.

मला हे हवे आहेत. पुढची दिवाळी हवी, तिच्यापुढचीही हवी. सुया टोचलेल्या हातासकट, चिडक्या, वाळलेल्या, कसेही चालतील — पण हवेत. त्यांना काय सोसावं लागतं ते रोज डोळ्यांनी बघते आणि तरी म्हणते, अजून थोडं.

राजाला नाही. मालनला सुटली. कोणीतरी मला खोडून दाखवावं हे वाक्य.

रात्री त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि बरं म्हटलं. त्यांनी फक्त माझा हात दाबला. शांत झोपले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज गेलो नाही. मीच फोन करून कळवलं. टेक्निशियन पोरगी म्हणाली, काकू, काळजी घ्या. फोनवर रडत होती बहुतेक.

डॉक्टरांना विचारलं, पाणी? म्हणाले, "आता हवं तेवढं द्या."

१८ फेब्रुवारी

माठातलं गार पाणी, तांब्याभर, ह्यांच्या हातात दिलं. म्हटलं, प्या, आता कोणी ओरडणार नाही.

दोन घोट घेतले. डोळे मिटून. मग तांब्या माझ्याकडे सरकवला.

"पुरे गो. आता तू पी. वर्सभर माझ्यापासून लपान पितंस, म्हायत आसा माका."

प्यायले. त्यांच्यासमोर बसून, सगळं.